दाजींची लेन्स आणि बारकीचा चेहरा

तीर्थस्वरूप दाजींना,

कागदावरूनच वाकून नमस्कार. प्रत्यक्षात वाकणं सध्या बंद आहे, कंबर धरली आहे, आणि ती का धरली ते ओघात येईलच. तुमचा खांदा कसा आहे? ताईचं गुडघ्यांचं तेल संपलं का? (संपलं नसेल तर ती ते लावत नाही, हे उघड आहे, आणि हे मी म्हटलं असं तिला खुशाल सांगा.) इकडे सगळे मजेत आहोत. म्हणजे हिचा पाय प्लास्टरमध्ये, माझी कंबर पट्ट्यात, आणि आमची लेक बारकी तेवढी धडधाकट. तुम्ही पाठवलेली लेन्स सुखरूप आहे. हे वाक्य अगदी आरंभीच घाला, नाहीतर दाजींचं पुढच्या मजकुराकडे लक्ष लागणार नाही, अशी हिची सूचना होती. लेन्सबरोबरच्या टेलीकन्व्हर्टरबद्दल तिनं काही सूचना केलेली नाही, तेव्हा त्याचं सावकाश सांगतो.

हिचा पाय कसा मोडला ते ताईनं तुम्हाला सांगितलं असेलच, पण ताईला ते हिनं सांगितलं होतं, त्यामुळे त्यात सगळा दोष शिडीचा असणार. खरं असं की एका गिऱ्हाइकाकडे पडद्याचा दांडा बसवताना मी म्हणत होतो तो सरळ आहे, ही म्हणत होती तो तिरका आहे, आणि ते सिद्ध करायला ती स्वतः शिडीवर चढली. दांडा तिरकाच होता. पण त्या नादात पाय गेला, आणि गेला तो नेमका बारकीच्या बोटींच्या शर्यतीच्या तोंडावर. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या घरात सकाळच्या कामांची पूर्वीपासून वाटणी आहे. दुकान उघडायचं माझ्याकडे, आणि बारकीला तळ्यावर सरावाला न्यायचं हिच्याकडे. पोरी वल्ही मारत जातात आणि ही काठाकाठानं सायकलवरून त्यांच्या मागोमाग जाते. थंडी असो, चिखल असो, हिचा एक दिवस चुकला नाही. आणि ज्या दिवसासाठी एवढं सगळं केलं, त्या दिवशी हिनं खिडकीपाशी पाय उशीवर ठेवून बसायचं! रडली नाही, पण दोन दिवस माझ्याशी भांडली नाही, त्यावरून मी काय ते ओळखलं.

तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून म्हणाली, "मला फक्त तिचा चेहरा आणून द्या. शेवटच्या क्षणाचा. बोट नको, पाणी नको, बक्षिसाचा समारंभ नको. रेघ ओलांडतानाचा चेहरा." मी आणतो म्हणालो. लग्न झाल्यापासून हिनं माझ्याकडे मागितलेल्या गोष्टींत ही पहिलीच अशी, जी दुकानातून आणता येत नव्हती. म्हणून तुम्हाला फोन केला. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरचा मेहुणा असण्याचा उपयोग आयुष्यात एकदा तरी व्हायला नको का? तुमच्या खांद्यानं राजीनामा दिल्यापासून ती लेन्स कपाटात पडून होती, ती तुम्ही दुसऱ्याच दिवशी पाठवलीत, याबद्दल आभार मानू लागलो तर हे पत्र इथंच संपेल आणि मूळ भानगड राहून जाईल.

भानगड टेलीकन्व्हर्टरची. तो हातात घेतला तेव्हा मला वाटलं, ही एवढीशी जाड बांगडी काय करणार? पण लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसवली, आणि रस्त्यापलीकडचा दंतवैद्य एकदम अंगावर आला. फोनवर तुम्ही बजावलं होतं की ती बांगडी जितकं जवळ आणते तितका उजेड खाते, गरज असेल तरच लाव. शिवाय ती लावली की झूम पूर्ण मागं घेता येत नाही, लेन्सचं मागचं भिंग तिच्यावर आपटतं, म्हणून लेन्स लांबच ठेवावी लागते. तिसरंही काहीतरी तुम्ही सांगत होतात, पण तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. ते तिसरं काय असावं याचा मी पुढे तळ्याकाठी उभा राहून पुष्कळ विचार केला.

आता दाजी, आम्ही पडदेवाले. खिडकी मोजली की वर चार बोटं कापड जास्त धरायचं, ही आमच्या वडिलांची शिकवण. जास्त झालं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर गिऱ्हाईक दाराबाहेर उभं करतं. त्या हिशेबानं मला तुमचा दीडपटीला टेकणारा कन्व्हर्टर आखूड वाटू लागला. तळं मोठं, बारकी लांब, आणि उद्या थोडक्यासाठी चेहरा हुकला तर हिला काय तोंड दाखवायचं? हे मी आमच्या शेजारच्या पासपोर्टवाल्यांपाशी बोललो. (यांचा फोटो स्टुडिओ. मागचा निळा पडदा आमच्याकडचाच. यांच्या धंद्यात गिऱ्हाईक स्टुलापलीकडे कधी गेलेलं नाही.) त्यांनी खालच्या खणातून एक जुना कन्व्हर्टर काढला, सपाट तोंडाचा, दुपटीचा. कुणीतरी त्यांना भेट दिला होता आणि लांबचं पाहायची वेळच न आल्यामुळे तो नवाकोरा राहिला होता. आम्ही दोघांनी मिळून तुमच्या कन्व्हर्टरच्या पाठीला त्यांचा कन्व्हर्टर जोडला. जरा अडखळला, मग पासपोर्टवाल्यांनी जोर लावला आणि कट्‌ असा आवाज झाला. तो आवाज चांगला नव्हता, हे मला आज कळतं. त्या वेळी आम्ही एकमेकांच्या हातावर टाळी दिली.

सराव म्हणून मी आठवडाभर दुकानाच्या माडीवरून समोरच्या इमारतीवर नेम धरत होतो. दंतवैद्य दोन रोग्यांच्या मध्ये गोळ्या-चॉकलेटं खातो, ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई फुलझाडाला पाणी घालताना त्याच्याशी बोलतात, आणि नवऱ्याशी बोलत नाहीत. हे सगळं मला नको होतं, मला फक्त फोकस हवा होता. तो आपोआप लागायचा बंद झाला होता. लेन्स आतल्या आत घूंऽ घूंऽ करून पुढे जाई, मागे येई आणि हात टेकी. मग हातानं फिरवायचं ठरवलं. पण समोरच्यांना कुठे ठाऊक की मी त्यांच्यातलं काहीच नीट पाहू शकत नाही? त्यांना एवढंच दिसत होतं की पडदेवाला माडीवरून तोफ रोखून बसलाय. त्याचा परिणाम असा की त्या आठवड्यात समोरच्या इमारतीतून जाड अस्तराच्या पडद्यांच्या इतक्या ऑर्डरी आल्या की शिलाईयंत्र गरम झालं. एका गृहस्थांनी तर मापं देताना माझ्या नजरेला नजर दिली नाही. ही म्हणाली, पाय मोडल्याचा आणि लेन्स आल्याचा हंगाम चांगला गेला.

शर्यतीच्या दिवशी पहिली अडचण निघाली ती पिशवीची. तुम्ही सांगितल्याप्रमाणे लेन्स आखडून घेता येईना, आणि दोन्ही कन्व्हर्टर काढून ठेवू म्हटलं तर ते निघेनात. म्हणून सबंध लांबलचक प्रकरण टॉवेलात गुंडाळून मांडीवर आडवं घेऊन बसनं गेलो. शेजारच्या आजींनी बाळ मुलगा की मुलगी असं विचारलं. मी मुलगी म्हणालो, समजावत कोण बसणार? तळ्यावर उतरलो, टॉवेल काढला, आणि दाजी, त्या क्षणापासून माझी पत वाढली. हातात भोंगा घेतलेल्या एका व्यवस्थापकांनी माझ्याकडे, म्हणजे लेन्सकडे, आदरानं पाहिलं आणि कुठल्या वर्तमानपत्राचे असं विचारलं. मी उत्तर शोधत होतो तोवर त्यांनी मला दंड धरून शेवटच्या रेघेच्या पलीकडे, पत्रकारांच्या फळ्यांच्या ओट्यावर नेऊन उभं केलं. सगळ्यांत पुढची जागा! पासपोर्टवाल्यांचा ट्रायपॉड तिथं मांडला आणि त्यावर लेन्स चढवली. बाकीच्या फोटोग्राफरांकडे आखूड लेन्स होत्या, काहींकडे तर अगदीच बोटाएवढ्या. मला त्यांची दया आली. तुमच्या जुन्या वर्तमानपत्राचा एक दाढीवाला पोरगा शेजारी होता, त्यानं माझा तो डोलारा पाहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि वयाचा मान राखून मिटलं.

भोंगा वाजला. मी डोळा लावला. आत अंधार. कन्व्हर्टरनं उजेड एकेक पायरी उतरतो म्हणतात, आमच्या जोडीनं तो तीन पायऱ्या उतरला होता, आणि तीन पायऱ्यांखाली तळघर लागतं. (अंधार विकून पोट भरणाऱ्या माणसाला अंधार ओळखू येऊ नये!) त्या तळघरात उन्हामुळे पाणी उकळल्यासारखं थरथरत होतं, आणि माझ्या श्वासासरशी तळं वरखाली होत होतं. बोटी शोधायलाच निम्मी शर्यत गेली. एवढीशी फट, तीत कधी झाड, कधी बदक, कधी नुसतं पाणी. जरा मागं येऊन सगळं तळं एकदम पाहावं, तर मागं येण्याची सोयच आम्ही ठेवली नव्हती. अखेर एक बोट सापडली. गडद टोपी, गडद बनियन, पुढच्या टोकाला बसलेली उंच पोरगी. बारकी पुढच्या टोकाला बसते, एवढं मला ठाऊक होतं. फिरवत फिरवत फोकस लावला आणि माझ्या लक्षात आलं की तिनं माझ्याकडे पाठ केली आहे.

मला वाटलं, वळेल. मी वाट पाहिली. मग पाहतो तर तिच्या मागच्या पोरीचीही पाठ, तिच्यामागचीही पाठ. दाजी, वल्ही मारणारी माणसं उलटी बसतात. जिकडे जायचं तिकडे पाठ करून जातात. हे सगळ्या जगाला माहीत होतं, तळ्यावरच्या बदकांना माहीत होतं, आणि माझ्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना इतकं माहीत होतं की ते मला सांगावं असं कुणाला सुचलं नाही. ही काठानं सायकलवरून मागोमाग जाते ती त्यासाठीच, मागून चेहरा दिसतो म्हणून! तुमचं फोनवरचं तिसरं बहुधा हेच असावं. आता काय करणार? मी पाठ तर पाठ म्हणून बटण दाबत सुटलो. रेघ आली, भोंगा वाजला, लोक ओरडले. शर्यत मी इतक्या जवळून पाहिली की कोण जिंकलं ते मला कळलं नाही.

आणि मग ते झालं, ज्यासाठी बाकीचे सगळे आखूड लेन्स घेऊन थांबले होते. रेघ ओलांडल्यावर पोरी वल्ही सोडून देतात, आणि बोटी आपल्या वेगानं ओट्यासमोरून सरकत पुढे जातात. पुढे गेल्या की त्यांची तोंडं आपल्याकडे. मी अजून डोळा लावून त्या पोरीला लांबवर शोधत होतो. मला दिसत होतं ते काहीतरी गुलाबी आणि केसाळ, तो बहुधा कुणाचा तरी कान असावा. तेवढ्यात अगदी जवळून, इतक्या जवळून की हात लांबवला असता तर वल्हं धरता आलं असतं, हाक आली, "बाबा! अहो बाबा, इकडे!"

मी डोळा काढला. बारकी माझ्यासमोरून चालली होती. केस कपाळाला चिकटलेले, नाक लाल, खालचा ओठ दातांनी चावून चावून सुजलेला, आणि हसत होती. नुसती हसत नव्हती, तिला हसायलाही दम उरला नव्हता, तोंड हसायच्या आकारात राहून गेलं होतं. एक हात वर करून मला दाखवत होती की आई म्हणते तसं शेवटपर्यंत मान ताठ ठेवली. दाजी, माझ्या हाताशी कॅमेरा होता. पण त्यातून ती दिसली नसती, आणि खरं सांगायचं तर तो आहे हे मी विसरलोच होतो. मी दोन्ही हात हलवले. ट्रायपॉड पडू लागला, तो धरायला वाकलो, आणि कंबर धरली ती त्या वेळी. (लेन्स मी छातीवर झेलली, म्हणून ती सुखरूप. छातीवर अजून वर्तुळ आहे.) बारकीची बोट तिसरी आली, हे मला दाढीवाल्यानं सांगितलं.

घरी ही खिडकीपाशी सकाळपासून बसून होती. बारकी अजून तळ्यावरच होती, बक्षिसं, फोटो, मैत्रिणी. मी कॅमेरा हिच्या हातात दिला आणि एकेक पाठ दाखवू लागलो. अंधारी पाठ, हललेली पाठ, अर्धी पाठ, बदक, पाठ. मध्येच एक बऱ्यापैकी स्पष्ट निघाली होती. तिथं थांबलो. दुसरं काय करणार? चेहरा आणतो म्हणून गेलो होतो. ही त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ही मला कधीच दिसली नव्हती हो. चेहरा मी रोज बघते. पण दमल्यावर तिचा खांदा पडतो का, ते पुढून कुणी बघितलंय? नाही पडलेला. बघा, शेवटपर्यंत नाही पडलेला." आणि तो फोटो मोठा करून आणा म्हणाली. पासपोर्टवाल्यांनी केला. आता तो आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या बाजूला लागला आहे, येणारा-जाणारा थांबून बघतो, आणि ही खांदा समजावून सांगते. त्यामुळे तुमच्या लेन्सचं सार्थक झालं, असंच म्हणायला हवं.

ताईला नमस्कार, खांद्याला शेक देत जा, आणि आमच्याकडचं सगळं असं गोड झालं आहे.

तुमचा लाडका (हे ताईचं मत) मेहुणा

ता. क. तुमचा कन्व्हर्टर आणि पासपोर्टवाल्यांचा कन्व्हर्टर अजून एकमेकांना सोडायला तयार नाहीत. पासपोर्टवाले जोर लावू का असं रोज विचारतात. मी त्यांना दुकानात शिरू देत नाही. काय करू ते कळवा, किंवा जोडप्यालाच पाठवून देऊ का?

आणखी एक ता. क. हे फक्त तुमच्यासाठी, ताईलाही नको. आज सकाळी बारकी चहा पिताना त्या फोटोपाशी थांबली, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली की बाबा, ती मी नाही. ती शेजारच्या बोटीतली. आमचा रंग हिरवा, त्यांचा निळा. (तळघरात दोन्ही सारखेच.) आईला सांगू नका, तिनं खांद्याबद्दल अख्ख्या इमारतीला सांगितलंय. तेव्हा दाजी, हे सगळं पत्र मी ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. तुमच्या वर्तमानपत्रातल्या त्या दाढीवाल्यानं रेघेपलीकडे बारकीचे फोटो काढलेत, मी त्याचं बोट बटणावर पाहिलं. त्याला तुमचा एक शब्द पुरे. मला तो चेहरा आणून द्या. हिनं तेवढंच मागितलं होतं. मिळाला की पाठीच्या चौकटीत हळूच तो बसवून टाकतो, मग काय व्हायचं ते होऊ दे. पाकिटावर पत्ता हिच्याच हातून लिहून घेतो, माझ्या अक्षरातलं मागचं पाकीट फिरून आमच्याच दारात आलं होतं. चिकटवून देतो, म्हणजे काळजी नको.

दाजी, नमस्कार.

वरचं अक्षर ह्यांचं, हे माझं. पत्ता लिहायला पाकीट आलं ते इतका डिंक थापून आलं की आत काही लपवलंय हे आंधळ्यालाही कळावं. किटलीच्या वाफेवर धरलं. त्याबद्दल तुम्ही मला बोलणार नाही, ही खात्री आहे.

ती पाठ आमच्या बारकीची नाही, हे मला कॅमेऱ्यात फोटो पाहिला तेव्हाच कळलं. मी तिच्यामागून इतकी वर्षं सायकल मारतेय. पण हे समोर उभे होते, कंबरेवर हात, तोंड उन्हानं लाल, शाळेचा निकाल लागायचा असावा तसे. मग मला जे सुचलं ते मी बोलले. खांदा मात्र खरंच छान आहे त्या पोरीचा.

आणि चेहरा मला मिळाला. ह्यांनी सांगितला. त्या दिवशी दुपारी सांगितला, रात्री जेवताना सांगितला, तेव्हापासून रोज सांगतात. आधी नुसती हसत होती म्हणाले. मग आठवलं की नाक लाल होतं. मग ओठ आठवला. काल प्लास्टरवर हात ठेवून बसले होते, मध्येच म्हणाले, डाव्या भुवईवर पाण्याचा थेंब होता गं, पडत नव्हता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पडदे सोडून दुसऱ्या कशाबद्दल हे इतकं बोललेले मला आठवत नाही.

तेव्हा दाढीवाल्याकडून तो फोटो जरूर घ्या. पण लगेच पाठवू नका. फोटो आला की हे सांगायचे थांबतील.